या चुका टाळा: विमानवाहू जहाजावर उतरतानाचे शेवटचे अठरा सेकंद

1951 साली अमेरिकेच्या 'मिडवे' या विमानवाहू जहाजावर उतरताना जॉर्ज डंकन यांचं पँथर जेट डेकच्या मागच्या कडेला धडकलं. विमान मधोमध तुटलं, आगीचा लोळ उठला आणि कॉकपिट असलेला पुढचा तुकडा डेकवरून गडगडत गेला. डंकन त्यातून जिवंत बाहेर आले. ती काही सेकंदांची फिल्म तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली असणारच. जहाजावरचा अपघात म्हटलं की तीच चिकटवायची, असा जणू रिवाजच पडलाय.

मीही ती खूपदा पाहिली, पण बरीच वर्षं चुकीच्या जागी पाहिली. सगळं लक्ष आगीवर. मग घरच्या कॉम्प्युटरवर डीसीएस या सिम्युलेटरमध्ये हॉर्नेट हे अमेरिकी नौदलाचं लढाऊ जेट उडवायला लागलो. पहिल्याच रविवारी जेवायची हाक येईपर्यंत चौदा विमानं समुद्रात नाहीतर डेकच्या कडेवर घालवली, तेव्हा कुठे ती फिल्म मागे नेऊन बघायची बुद्धी झाली. आग लागण्याच्या बरंच आधी विमान खाली खाली बसत जाताना दिसतं. चूक तिथे आहे.

माझ्यासारखे सिम्युलेटरवर डोकं आपटणारे मराठी लोक आता बरेच झालेत, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितोय. शिवाय व्हिडिओ बघून दोन मिनिटांत 'पायलटची चूक' असं लिहून मोकळे होणारेही आहेत. त्यांनी तारेबद्दलचा भाग तरी वाचावाच.

धावपट्टीची सवय घरी ठेवून या

विमानतळावर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलतो, थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) मागे घेतो आणि विमानाला अलगद टेकवतो. जहाजावर यातलं काहीही करायचं नाही. विमान साधारण साडेतीन अंशांच्या उतारावरून येतं, तसंच येत राहतं आणि सेकंदाला साडेतीन-चार मीटर या वेगाने डेकवर आपटतं. आपटतं हाच बरोबर शब्द आहे. या विमानांचे पाय म्हणूनच जाडजूड असतात. थांबण्यासाठी डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत विमानाच्या शेपटीखालचा हूक अडकावा लागतो. अलगद उतरवायला गेलात की विमान तारांवरून तरंगत पुढे जातं आणि हूक रिकामा राहतो. याला बोल्टर म्हणतात.

दुसरी सवय त्याहून वाईट. चाकं टेकली की हात आपोआप थ्रॉटल मागे ओढतो. इथे चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे. नवख्याला हे वेडेपणाचं वाटतं, कारण थांबायचंय आणि आपण जोर लावतोय. पण हूक तारेत अडकलाय की नाही हे कळायला जो क्षण लागतो, तेवढ्यात डेक संपत आलेला असतो. अडकला नसेल तर तोच जोर तुम्हाला पुन्हा हवेत नेतो. अडकला असेल तर तार इंजिनाच्या जोराला पुरून उरते: ताशी 240-250 किलोमीटरवरून शून्यावर, नव्वद-शंभर मीटरमध्ये, अडीच-तीन सेकंदांत.

हा धडा जेट विमानांच्याही आधीचा आहे. 2 ऑगस्ट 1917 रोजी ब्रिटिश वैमानिक एडविन डनिंग यांनी चालत्या 'फ्युरियस' जहाजावर विमान उतरवलं; चालत्या जहाजावर असं उतरणारे ते जगातले पहिले. तेव्हा हूक नाही, तार नाही, डेकवरच्या माणसांनी धावत जाऊन विमान पकडायचं. पाच दिवसांनी ते पुन्हा उतरत होते. विमान डेकवर बरंच पुढे टेकलं, त्यांनी पुन्हा उडण्यासाठी इंजिनाला जोर दिला, ते गुदमरलं आणि विमान बाजूने समुद्रात गेलं. डनिंग बुडाले. जोर मागितल्यावर इंजिन तो लगेच देईलच असं नसतं. म्हणून तो आधीपासून तयार ठेवायचा, हे त्या दिवसापासून खरं आहे.

आपल्याकडे हीच सवय मोडण्यासाठी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर किनाऱ्यावरची चाचणी सुविधा आहे. जहाजावर असतो तसा उडी मारायचा वर गेलेला उतार आणि उतरायच्या तारा, सगळं जमिनीवर. तेजसची नौदलासाठीची आवृत्ती सप्टेंबर 2019 मध्ये आधी तिथे तारेत अडकली, आणि मग 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ती 'विक्रमादित्य'वर उतरवली. दाबोळीला प्रवासी विमानाने उतरताना खिडकीतून राखाडी मिग-29के दिसली की मी अजूनही शेजारच्या अनोळखी माणसाला हे सगळं सांगायला लागतो. बायकोने याबद्दल अनेकदा बजावलंय.

डेककडे बघू नका

सगळ्यात जास्त विमानं ही चूक खाते, म्हणून इथे जरा थांबू.

डेकच्या डाव्या बाजूला दिव्यांची एक चौकट असते. मधे उभ्या रांगेत पिवळसर उजेडाचा ठिपका, त्याच्या दोन्ही बाजूंना आडवे हिरवे दिवे. ठिपक्याला सगळे 'बॉल' म्हणतात. बॉल हिरव्या रेषेत असेल तर उतार बरोबर, वर दिसला तर तुम्ही वर आहात, खाली दिसला तर खाली. अगदी खाली गेलात की बॉल लाल होतो. पूर्वी तिथे आरसा असायचा. ब्रिटिश नौदलातल्या निकोलस गुडहार्ट यांची ती कल्पना. त्याच सुमारास डेनिस कॅम्बेल यांनी डेकचा उतरायचा पट्टा तिरका करायचं सुचवलं. या दोन गोष्टींच्या आधी चुकलेलं विमान थेट पुढे उभ्या केलेल्या विमानांत घुसायचं.

अमेरिकन वैमानिकांना तीन शब्द घोकून घ्यायला लावतात: बॉल, मधली रेष, हल्ल्याचा कोन. हल्ल्याचा कोन म्हणजे पंख समोरून येणाऱ्या हवेला किती तिरका आहे ते. नजर या तिघांत फिरत राहिली पाहिजे. पण शेवटच्या चार-पाच सेकंदांत डेक मोठा होत जातो आणि डोळे तिकडे खेचले जातात. मन म्हणतं, आलंच की. वर आलोय असं वाटून हात नकळत नाक खाली घालतो किंवा थ्रॉटल थोडा सोडतो, आणि बॉल खाली सरकलेला कुणी बघतच नाही. हॉर्नेटसारख्या विमानाचा हूक डेकच्या मागच्या कडेवरून जेमतेम चार-साडेचार मीटर उंचीवरून जातो, तोही सगळं बरोबर असताना. वरच्या हिशोबाने ती एका सेकंदाची घसरण झाली.

त्यात हवेची भर. मोठं जहाज वेगाने वाऱ्याच्या विरुद्ध जात असतं, आणि त्याच्या डेकवरच्या इमारतीमागे हवा विस्कटते, खाली बसते. जवळ येता येता विमानाखालचा आधार कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं. सिम्युलेटरमध्ये मला आधी वाटायचं की जॉयस्टिक बिघडलीय. नवी घेतली. तेच.

आणि इथे सिम्युलेटरवाल्यांची ठरलेली चूक: खाली जातोय, म्हणून स्टिक मागे ओढणं. उतरण्याच्या वेगाला विमान अशा अवस्थेत असतं की नाक वर केलं की हवेचा रोध वाढतो, वेग आणखी पडतो आणि विमान जास्तच बसतं. वर हूक शेपटीकडे असतो; नाक वर गेलं की हूक आणखी खाली लोंबतो. उंची थ्रॉटलने सांभाळायची, स्टिकने फक्त कोन. हे उलटं वाटतं, आणि बोटांना पटायला मला तीन महिने लागले. यावर उपाय एकच कामाचा ठरला. विमान योग्य कोनावर ट्रिम करून ठेवायचं, म्हणजे स्टिक सोडली तरी कोन टिकतो, आणि थ्रॉटल सतत थोडा पुढे, थोडा मागे असा हलता ठेवायचा. लोणी कढवताना पळी फिरत राहते तसा. एकदा मोठा जोर देऊन मग वाट बघणारा माणूस आधी वर जातो आणि मग तारांपलीकडे.

बॉल लाल दिसला तर 'बघू, सावरतो' हा विचार करायचा नाही. जोर द्यायचा, निघून जायचं. पुन्हा फेरी मारायला दोन-तीन मिनिटं लागतात.

डेकच्या डाव्या बाजूला उभे असलेले लँडिंग सिग्नल ऑफिसर, म्हणजे एलएसओ, हेच सांगायला असतात. पूर्वी हातात रंगीत फळ्या घेऊन इशारे करायचे, म्हणून अमेरिकेत त्यांना अजून 'पॅडल्स' म्हणतात. त्यांचं 'पॉवर' हे सल्ला नसतो. आधी जोर द्यायचा, विचार नंतर. ते स्वतः वैमानिक असतात आणि प्रत्येक उतरण्याला शेरा देतात. तो स्क्वाड्रनच्या खोलीत सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर रंगात लागतो: हिरवा चांगला, पिवळा बरा, तपकिरी नको तसा. शाळेतला प्रगतिपुस्तकाचा दिवस रोज. त्या फळ्याच्या लाजेनेही कदाचित बरीच विमानं वाचली असतील, असा माझा आपला कयास.

घाई आणि बंद राहिलेलं बटण: 24 जानेवारी 2022

दक्षिण चीन समुद्रात 'कार्ल व्हिन्सन'वर एक एफ-35सी उतरत होतं. वैमानिकाने जहाजावरून जाताना नेहमीपेक्षा लवकर आणि घट्ट वळण घेतलं. उतरायला वेळ कमी लागावा म्हणून हे वळण घ्यायची पद्धत आहे, परवानगीही आहे, पण त्याने ते पहिल्यांदाच घेतलं होतं. अशा वळणात चाकं, फ्लॅप, वेग, कोन आणि तपासणी यादी या सगळ्याला नेहमीपेक्षा कमी सेकंद मिळतात. या विमानात थ्रॉटल आणि उतार सांभाळणारी स्वयंचलित मदत आहे. ती चालू करायची राहून गेली, आणि ती चालू आहे असं समजून तो येत राहिला. इंजिन जवळजवळ रिकामं फिरत होतं, विमान बसत गेलं. लक्षात आल्यावर त्याने पूर्ण जोर दिला, तेव्हा उशीर झाला होता.

विमान कडेवर आदळलं, पाय तुटले, ते गरगरत डेकवरून घसरलं आणि समुद्रात गेलं. वैमानिक इजेक्शन सीटमुळे वाचला. तो धरून सात जण जखमी झाले. दहा कोटी डॉलरहून महाग विमान पुढे मार्चमध्ये 12,400 फूट खोलीवरून वर काढण्यात आलं. चौकशीत चूक वैमानिकाची ठरली, पण बेदरकारपणाचा ठपका ठेवला गेला नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. तो नवशिका नव्हता, मस्तीही करत नव्हता. एक नवी गोष्ट त्याने त्या फेरीत घेतली, आणि दुसरी, जी रोज हात आपोआप करतो, ती गळून गेली.

ज्या यंत्राच्या भरवशावर आपण एखादं काम हातातून सोडतो, ते यंत्र खरंच चालू आहे का, हे डोळ्यांनी बघायची सवय लावा. हॉर्नेटमध्ये ऑटोथ्रॉटल लागला की समोर अक्षरं दिसतात. मी ती मोठ्याने वाचतो. घरात लोक हसतात, हसू द्या. सिम्युलेटर शिकताना तर सुरुवातीचे दोन महिने ऑटोथ्रॉटलला हातच लावू नका, नाहीतर तो नसेल तेव्हा काय करायचं हे कधीच कळणार नाही.

मधली रेष उशिरा पकडणं

तिरका डेक हे वरदान आहे, पण त्याची एक खोडी आहे. जहाज सरळ पुढे जातं आणि उतरायचा पट्टा मात्र डावीकडे साधारण नऊ अंशांनी वळलेला असतो. म्हणजे तुम्ही त्या पट्ट्याच्या रेषेत येत असताना पट्टा सतत उजवीकडे सरकत असतो. जहाज पंचवीस नॉटने जात असेल तर सेकंदाला जवळपास दोन मीटर. अठरा सेकंदांत छत्तीस मीटर होतात. नवखे एकदा रेष पकडतात आणि 'झालं' म्हणून सोडून देतात. मग शेवटी उजवीकडे जोरात वळवतात, आणि वळताना पंखाची उचल कमी होऊन विमान बसतं. रेषेच्या दुरुस्त्या लवकर आणि लहान हव्यात. डेक जवळ आल्यावर मोठी दुरुस्ती करावी लागणार असेल तर उतरूच नका.

25 ऑक्टोबर 1994 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'अब्राहम लिंकन'कडे येताना लेफ्टनंट कारा हल्टग्रीन यांचं एफ-14ए वळणात मधली रेष ओलांडून पलीकडे गेलं. रेषेवर परत येण्यासाठी त्यांनी रडरने, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूने, नाक डावीकडे वळवलं. विमान हवेत तिरकं झालं आणि डाव्या इंजिनाकडे जाणारी हवा विस्कटली. एफ-14ए चं टीएफ-30 इंजिन अशा विस्कटलेल्या हवेत बंद पडण्याबद्दल आधीपासूनच बदनाम होतं. डावं इंजिन गेलं, एलएसओंनी परत फिरायला सांगितलं, एका बाजूच्या जोराने विमान डावीकडे कलंडत गेलं. मागच्या सीटवरच्या अधिकाऱ्याने इजेक्ट केलं. क्रम असा की आधी मागची सीट सुटते, मग चार दशांश सेकंदाने पुढची. मागचा वाचला. त्या चार दशांश सेकंदांत विमान आणखी वळलं होतं, आणि हल्टग्रीन यांची सीट पाण्याच्या दिशेने सुटली. अमेरिकन नौदलात एफ-14 उडवणाऱ्या त्या पहिल्या महिला वैमानिक होत्या.

त्यानंतर बरीच वर्षं वाद चालला: इंजिनाचा दोष की वैमानिकाचा? बाई होत्या म्हणून तो जास्तच कडवट झाला. मला तो प्रश्नच नीट मांडलेला वाटत नाही. वळण थोडं मोठं झालं, ते सुधारायला रडर वापरला, इंजिन त्या जातीचं होतं, उंची नव्हती. यातली एक कडी निघाली असती तरी त्या दिवशी काहीच घडलं नसतं. त्याच विमानावर त्याच प्रकारे रेष ओलांडून आलेले आणि इंजिन न थांबल्यामुळे निवांत उतरलेले वैमानिक असणारच. त्यांची चौकशी कधी होत नाही.

इजेक्शन उशिरा होण्याचं दुसरं उदाहरण चीनचं आहे. एप्रिल 2016 मध्ये झांग चाओ हे जमिनीवरच्या नकली डेकवर जे-15 उतरवत होते. टेकल्यानंतर नियंत्रण प्रणालीत बिघाडाचा इशारा आला, नाक एकदम वर उठलं, त्यांनी स्टिक पुढे दाबून विमान वाचवायचा प्रयत्न केला. इशाऱ्यापासून इजेक्शनपर्यंत 4.4 सेकंद. तोवर सीट सुरक्षित सुटण्याजोगी स्थिती राहिली नव्हती. त्यांचं कौतुक विमान वाचवू पाहणारा वीर म्हणून झालं. समजण्यासारखं आहे, पण नव्या वैमानिकाने त्यातून काय शिकावं याची मला धास्ती वाटते.

पेट्रोल आणि वजन

बॉल दिसला की वैमानिक रेडिओवर विमानाचा प्रकार आणि उरलेलं इंधन सांगतो. सिम्युलेटरमध्ये आपण ते बटण उगाच दाबल्यासारखं दाबतो. खऱ्या जहाजावर डेकखाली बसलेली माणसं विमानाच्या प्रकारावरून आणि वजनावरून तार ओढणाऱ्या यंत्राचा ताण ठरवतात. ताण वजनापेक्षा कमी असेल तर विमान थांबण्याआधीच तार संपते. जास्त असेल तर विमानाचा हूकच उपटायची वेळ येते. म्हणून डीसीएसमध्ये हॉर्नेट घेऊन परत येताना वजन बघा. 33-34 हजार पौंडांच्या वर असाल तर इंधन सोडा, नको असलेला बॉम्ब समुद्रात टाका. पूर्ण टाकी घेऊन उतरलो आणि पाय मोडला, ही सॉफ्टवेअरची तक्रार होऊ शकत नाही.

कमी इंधनाचं दुखणं त्याहून मोठं. किनारा जवळ असेल तर 'इतकं उरलं की तिकडे निघायचं' असा आकडा आधीच ठरलेला असतो. तो आकडा जहाजावर सगळं सुरळीत चाललंय असं धरून काढला की फसतो. नोव्हेंबर 2016 मध्ये सीरियाच्या किनाऱ्याजवळ रशियाच्या 'अॅडमिरल कुझनेत्सोव्ह'वर तारेचा घोटाळा झाला. त्यामुळे एक मिग-29के वर घिरट्या घालत थांबलं. दुरुस्ती होईपर्यंत थांब, असं. इंजिनांचं इंधन तुटलं आणि विमान समुद्रात पडलं, वैमानिक वाचला. सीरियातला हमैमीमचा रशियन हवाई तळ तिथून काही फार लांब नव्हता. तीन आठवड्यांच्या आत त्याच जहाजावर एका सुखोई-33 च्या वेळी तार तुटली आणि तेही पाण्यात गेलं. तोही वैमानिक वाचला.

तार तुटली तर पायलट काय करणार?

आता 'पायलटची चूक'वाल्या मंडळींकडे.

मार्च 2016 मध्ये 'आयझनहॉवर'वर एक ई-2सी हॉकआय हे टेहळणी विमान उतरलं. अगदी नीट. हूक तारेत, थ्रॉटल पुढे, सगळं पुस्तकाप्रमाणे. तार ताणली गेली, विमान मंदावलं आणि तार तुटली. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं आणि कॅमेऱ्यातून दिसेनासं झालं. नंतरचे सेकंद मोजवत नाहीत. मग ते पाण्यावरून हळूहळू वर येताना दिसतं, कारण जोर पूर्ण लावलेला होता आणि तो आधीपासूनच लावलेला होता. विमान नॉरफोकला जाऊन उतरलं. डेकवर तुटकी तार चाबकासारखी फिरली आणि आठ जण जखमी झाले. चौकशीत निघालं की तार ओढणाऱ्या यंत्राच्या एका व्हॉल्व्हची दुरुस्ती करताना एक-दोन पायऱ्या राहून गेल्या होत्या. ज्यांनी ते काम केलं ते डेकखाली होते. विमान त्यांना दिसलंही नसेल.

मे 2025 मध्ये लाल समुद्रात 'हॅरी ट्रूमन'वर सुपर हॉर्नेट असंच तारेत न थांबता समुद्रात गेलं. दोघेही इजेक्ट झाले, हेलिकॉप्टरने त्यांना उचललं. त्याही चौकशीने देखभालीकडे बोट दाखवलं. लांब मोहीम, थकलेली माणसं, अपुरं मनुष्यबळ, राहून गेलेली तपासणी. आपल्याकडे एसटीच्या डेपोत काम केलेला माणूस हे वाक्य न वाचता पूर्ण करू शकेल.

डेकवर उभ्या असलेल्यांसाठी यातून निघालेला नियम सरळ आहे: उतरायच्या पट्ट्याच्या रेषेबाहेर राहायचं आणि ताणलेल्या तारेच्या वळणात कधीही उभं राहायचं नाही. तार तुटल्यावर उडी मारून वाचलेल्या खलाशाचा 2003 चा 'जॉर्ज वॉशिंग्टन'वरचा व्हिडिओ लोक गंमत म्हणून फिरवतात. त्या दिवशी बाकी अनेक जण जखमी झाले होते.

रात्र, सर्दी, थकवा

रात्री उतरण्याबद्दल फार लिहित नाही, कारण सिम्युलेटरवर मला ते अजून नीट जमत नाही. व्हिएतनाम युद्धात वैमानिकांच्या नाडीची मोजणी झाली, तेव्हा शत्रूवर बॉम्ब टाकतानापेक्षा जहाजावर उतरताना ठोके जास्त असल्याचं दिसलं होतं. 26 मे 1981 च्या रात्री 'निमित्झ'वर एक ईए-6बी प्रॉलर डेकवर आदळलं. चौदा माणसं गेली, पंचेचाळीस जखमी. शवविच्छेदनात वैमानिकाच्या शरीरात सर्दीच्या साध्या औषधाचं बरंच जास्त प्रमाण सापडलं. डेकवरच्या मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश निघाले आणि बातम्या त्याच्याच झाल्या; त्यातून अमेरिकन नौदलात अमली पदार्थांच्या चाचण्या कडक झाल्या. सर्दीची गोळी मागे पडली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, झोप आणणारी गोळी.

गोव्याजवळ पडलेल्या मिगबद्दल

नोव्हेंबर 2019, फेब्रुवारी 2020, नोव्हेंबर 2020, ऑक्टोबर 2022. गोव्याच्या परिसरात मिग-29के पडल्याच्या या बातम्या मराठी चॅनेलांवर 'विक्रमादित्य'च्या डेकची चित्रं लावून चालल्या. यातला एकही डेकवर उतरतानाचा अपघात नव्हता. नोव्हेंबर 2020 च्या अपघातात कमांडर निशांत सिंग गेले, त्यांचा शोध अकरा दिवस चालला. निदान तेवढ्यासाठी तरी तारेत अडकणाऱ्या विमानाचं चित्र लावू नये. कॅगच्या 2016 च्या अहवालात या विमानांच्या इंजिनांबद्दल आणि डेकवर आपटून बिघडणाऱ्या भागांबद्दल बरंच आहे. ज्यांना खरोखर काही म्हणायचंय त्यांनी तो वाचावा.

पटकन तपासा

हॉर्नेटमध्ये कोन दाखवणारे दिवे लुकलुकत असतील तर हूक खाली केलेला नाही. माझे पहिले सहा बोल्टर याच कारणाने झाले आणि मी ते वाऱ्यावर ढकलले होते.

दर वेळी पहिल्या तारेत अडकताय? खूश होऊ नका, तुम्ही कडेच्या फार जवळून येताय. शेवटच्या दोन सेकंदांत तुम्ही डेककडे बघताय. रिप्लेमध्ये थ्रॉटलचा हात बघा.

दर वेळी शेवटच्या तारेत किंवा बोल्टर? सुरुवातीला वर असता आणि मधे सोडून देता, मग घाबरून जोर लावता.

कोन बरोबर, बॉल बरोबर आणि तरी डावीकडे उतरता? पट्टा उजवीकडे सरकतोय हे विसरलात. इमारतीकडे पाहून घाबरून डावीकडे राहण्याचीही एक सवय असते, मला अजून आहे.

सगळं बरोबर केलं आणि तरी एलएसओने लाल दिवे लावून परत पाठवलं? डेकवर कुणीतरी असेल, आधीचं विमान तारेतून सुटलं नसेल. कारण विचारू नका. जोर द्या, चाकं आणि हूक आहे तसं ठेवा, सहाशे फुटांवर या, डावीकडे वळा आणि पुन्हा बॉल शोधा.